पुढच्या वर्षीचा भाव

मलकापुरात हायवेला लागून असलेल्या एका पत्र्याच्या गोदामात त्या दिवशी बाजार भरल्यासारखी गर्दी होती. कराडकडची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली होती आणि तिचं सगळं सामान तिथं विकायला मांडलं होतं. स्पीकर, मिक्सर, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, वायरींची भेंडोळी. श्रावणातली दुपार. पत्र्यावर सर कोसळली की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि सर थांबली की सगळेच एकदम मोठ्यानं बोलत होते.

एक तरुण एक कीबोर्ड वाजवून बघत होता. हात असा सफाईदार, की दोन-चार गिऱ्हाइकं आपला सौदा सोडून ऐकत उभी राहिली.

"झालं. ह्योच घेतो," तो मालकाला म्हणाला आणि त्यानं खिशात हात घातला.

तेवढ्यात एक मुलगी गर्दीतून पुढं आली. कुणाला काही न विचारता तिनं कीबोर्ड उलटा केला, मोबाईलचा टॉर्च लावला, वाकली... आणि पट्ट्यांच्या फटीला नाक लावून चक्क वास घेतला.

"ओ मॅडम," तो म्हणाला, "ते वाजवायचं असतंय. हुंगायचं न्हाई."

"पुराचा वास येतोय ह्याला."

"कशाचा?"

"पुराचा. नदीचं पाणी शिरलंय ह्यात. हे स्क्रू बघा, गंजलेत. आणि इथं..." तिनं नखानं फटीतला वाळलेला गाळ उकरून त्याच्या तळहातावर ठेवला. "आज वाजतोय. दिवाळीपर्यंत पट्ट्या अडकतील. पुढच्या वर्षी विकायला काढाल, तर भंगारवालासुद्धा विचार करेल."

मालकानं तोंड फिरवलं. तरुणानं खिशातला हात बाहेर काढला. एकदा तळहातावरच्या गाळाकडं, एकदा तिच्या कपाळाला चिकटलेल्या ओल्या बटेकडं बघितलं.

"तुमी कोण म्हणायच्या?"

"सुंदरी."

"ते दिसतंयच की... नाव इचारलं मी."

"नावच आहे ते."

कॉलेजपासून हा विनोद तिनं शंभरदा ऐकला होता आणि त्याला द्यायचं तिखट उत्तरही तयार होतं. पण हा विनोद करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. कळलं तेव्हा तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला—आणि तिचं उत्तर तोंडातच राहिलं.

सुंदरी मगदूम. सांगलीत बसस्थानकामागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं, धरणेंद्रअण्णा मगदुमांचं, वापरलेल्या वाद्यांचं दुकान होतं. मगदुमांची बाकीची भावकी ऊस आणि हळदीत; अण्णा तेवढे या वाटेला आलेले. संख्याशास्त्र शिकून सुंदरी दुकानात बसायला लागली, आणि दोन वर्षांत तिचं नाव झालं. कुठलं यंत्र आज कितीला जाईल हे कुणीही सांगतं. सुंदरी ते पुढच्या वर्षी कितीला जाईल हे सांगायची. गणपतीच्या आधी ऑक्टोपॅड चढणार, विसर्जनानंतर पडणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण कुठला मिक्सर कायमचा उतरणार, कुठला जुना कीबोर्ड अचानक सोन्याच्या मोलाचा होणार... बेंजो पार्टीवाले, भजनी मंडळं, पुण्यातले स्टुडिओवाले, सगळे तिला फोन करायचे. एकच प्रश्न. "विकू, का थांबू?"

आणि ती स्वतः? ती कधी कुठं थांबायचीच नाही. बसली की पाय हलायचा. जेवताना एक डोळा फोनवर. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवापुढं हात जोडले तरी मनात आकडे. आई, गुणमाला, म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी न्हवं, अख्खा पंखा बांधलाय देवानं."

गोदामाबाहेर वडापची, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या जीपची, वाट बघताना तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मी वीरधवल. वीरधवल माने, रहिमतपूरचा. लय उपकार झाले तुमचे."

"माझी फी असते," ती म्हणाली.

"देतो की. चहा?"

"चालेल."

टपरीवर चहा घेताना त्यानं फोन पुढं केला. "ह्येचा भाव सांगा बगू."

फोटो बघून तिचा हलणारा पाय पहिल्यांदा थांबला. जुना जपानी सिंथेसायझर. चाळीस वर्षांपूर्वीचा. लाकडी बाजू, मोठाल्या गोल घुंड्या, हस्तिदंतासारख्या पिवळट पडलेल्या पट्ट्या. असली यंत्रं देशात मोजकी असतील.

"कुठं मिळाला हा?"

"पुण्यात एक स्टुडिओ बंद पडला. कोपऱ्यात बंद पडलेला हुता, कोण बगत नव्हतं. वरीसभर खोलून बसलो, तवा कुठं बोलाय लागला."

"विकायचाय?"

"तेच ठरना झालंय," तो म्हणाला. गाडी आली. तिनं धावत्या गाडीत चढता चढता नंबर सांगितला—आणि शेवटचा आकडा सांगितला की नाही हे तिला सांगलीपर्यंत आठवेना. चिडचिड झाली. एका यंत्रासाठी इतकी चिडचिड?

आकडा सांगितला होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"आज काय भाव हाय?"

"कालचाच."

"बरं... ऊन पडलंय का सांगलीत?"

मग दर एक-दोन दिवसांनी फोन. आधी भाव, मग ऊन-पाऊस, मग काय खाल्लं, मग काहीच नाही—नुसतं एकमेकांचं गप्प राहणं. तो लग्नात, वाढदिवसात वाजवायचा, साताऱ्यात पोरांना शिकवायचा. हसायला लागला की आधी नाकातून फुर्र आवाज यायचा. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"भाव काय रोज बदलतो का रे?" ती एकदा म्हणाली. "महिन्यानं विचारलंस तरी चालेल."

"महिन्यानं?" तो घाबरून म्हणाला. "आगं, मधी काय झालं मंजी?"

गणपती उठल्यावर ती रहिमतपूरला गेली. यंत्र प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढचा भाव सांगता येत नाही, असं तिनं अण्णांना सांगितलं. ते खरंही होतं. पण त्यासाठी नवा मोरपंखी ड्रेस कशाला, हे अण्णांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सकाळची गाडी. खिडकीबाहेर उसाचे हिरवे पट्टे मागं पळत होते, आणि तरी तिला वाटत होतं—ही गाडी किती हळू चालते!

वीरधवलचे वडील, लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा अजून ड्युटीवर होत्या. त्याच्या आईनं, विजयमालाकाकूंनी, पोह्यांची ताटली हातात दिली, आणि ती पहिला घास घेते तोच लालासाहेब म्हणाले,

"पोरी, तू आलीस ते बरं झालं. ह्याला काय ते एकदा सांग. आमचं ऐकत न्हाई."

"थांबा की तात्या," वीरधवल म्हणाला. "आधी ऐकू तरी दे तिला."

आतल्या खोलीत त्यानं यंत्रावरची चादर काढली. नेहमीप्रमाणे ती टॉर्च काढून वाकणार, तोच त्यानं एक पट्टी दाबली.

जाड, उबदार, किंचित थरथरता सूर. भिंतीतून नाही, जमिनीतून आल्यासारखा. तो तळपायातून वर चढला. त्यानं घुंडी हळूच फिरवली आणि सूर मिटलेला डोळा उघडावा तसा उघडत गेला. तिचा टॉर्च हातात तसाच जळत राहिला.

"कसा हाय?"

"...बरा आहे," ती म्हणाली. टॉर्च विझवत पुन्हा म्हणाली, "चांगला आहे."

"तू वासच घेतला न्हाईस."

"घेते की," ती म्हणाली आणि घाईनं वाकली. तापलेल्या सर्किटचा, सागवानाचा वास होता. आणि अगदी जवळ उभ्या असलेल्या त्याच्या शर्टाला साबणाचा.

मग त्यानं सांगितलं. परदेशी प्रवासी जहाजावरच्या वाद्यवृंदात त्याची निवड झाली होती. आठ-नऊ महिने समुद्रावर. पगार साताऱ्यात कधी मिळणार नाही असा. पण त्याआधीचं ट्रेनिंग, तपासण्या, कागदपत्रं यांना पैसा लागणार होता, आणि त्याच्याकडं विकण्यासारखं हे एकच होतं.

"आन दुसरा रस्ता बी हाय," तो म्हणाला. "सगळे म्हणत्यात, असल्या जुन्या मशीनचा भाव दरवर्षी चढतोय. अजून दोन वरसं धरून ठिवलं तर दुप्पट. तवा विकून साताऱ्यात सोताचा स्टुडिओ काढायचा. मग कुठं जायचंच न्हाई. हितंच... जवळच."

'जवळच' म्हणताना त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि पटकन घुंडीकडं.

"दोन वर्सांनी भाव चढंल का पडंल, ते तू सांग सुंदरी. चढणार म्हणलीस तर ऱ्हातो. पडणार म्हणलीस तर विकतो आन जातो. तू म्हणशील तसं."

"आठ दिवस दे मला," ती म्हणाली.

खरं तर तिला आठ मिनिटंही नको होती. उत्तर तिला ठाऊक होतं.

भाव सांगताना लोक दोनच गोष्टी बघायचे. वस्तू किती जणांना हवी आहे, आणि किती जणांकडं आहे. सुंदरी तिसरी बघायची—कंपनीच्या मनात काय आहे. त्या जपानी कंपनीनं उन्हाळ्यात त्या जुन्या यंत्राचं नाव नव्यानं नोंदवून घेतलं होतं. कोपऱ्यातली बारीक बातमी, कुणी लक्ष दिलं नव्हतं. पण चाळीस वर्षं मेलेलं नाव कुणी उगीच पुन्हा नोंदवत नाही. त्याच रूपाचं, त्याच आवाजाचं नवं यंत्र येणार, स्वस्तात येणार. आणि ते आलं की, आज जुन्यासाठी जीव टाकणारे निम्मे लोक नव्याकडं वळणार.

एक शब्द. 'चढेल' एवढंच म्हणायचं होतं. तो राहिला असता. पुढं भाव पडला असता तर ती म्हणू शकली असती, अंदाज चुकतात कधी कधी. कुणी तिला दोष दिला नसता.

ते दिवस तिनं घरभर फिरून काढले. फोन उचलायची, ठेवायची. छतावर जायची, कशाला आलो ते विसरून खाली यायची. दुकानात एका गायकानं मायक्रोफोनचा भाव विचारल्यावर तिनं स्टँडचा सांगितला. आईनं आमटी वाढली तर ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात." गुणमालाबाईंनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आमटीकडं.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकल्यावर अण्णा ओट्यावर येऊन तिच्या शेजारी बसले. अजून उजेड होता. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती.

"कुठलं मशीन एवढं छळतंय?"

"एक सिंथ आहे अण्णा. रहिमतपूरचा."

"पडणार का चढणार?"

"पडणार."

"मग सांगून टाक की."

"सांगितलं तर..." ती थांबली. "सांगितलं तर तो जाईल."

अण्णांनी क्रिकेटकडं बघितलं. एक पोरगं आउट झालं, त्यावर भांडण झालं, मिटलं.

"कोण जाईल ते मी आत्ता विचारत न्हाई," ते म्हणाले. "पण आपल्या दुकानात लोक कशाला येतात, ते तुला सांगायला पायजे का?"

वीरधवल सांगलीला आला. आयर्विन पुलावर दोघं कठड्याला टेकून उभी राहिली. खाली कृष्णा गढूळ, घाईत. वाऱ्यानं तिची ओढणी सारखी त्याच्या हातावर जात होती, आणि ती सारखी ओढून घेत होती.

"बोल," तो हसत म्हणाला. "काय ठरलं माझं?"

"वीक." तिनं नदीकडं बघत सांगितलं. "ह्याच महिन्यात. जमलं तर ह्याच आठवड्यात. आत्ता मिळतोय तो भाव पुन्हा मिळणार नाही."

नाकातून येणारा तो फुर्र आवाज आला नाही.

"नक्की?"

"नक्की."

"मंजी... मी जावं?"

"मी मशीनचा भाव सांगितला."

"मी मशीनचा इचारला नव्हता, सुंदरी." त्याचा आवाज इतका खाली गेला, की वाऱ्यात अर्धा वाहून गेला. "तुला कळलं न्हाई का, खरंच?"

कळलं होतं. त्या क्षणी तिनं मान वर केली असती तर डोळ्यांनीच सगळं सांगून टाकलं असतं. मग तो गेला नसता, यंत्रही विकलं नसतं, आणि दोन वर्षांनी हातात काहीच उरलं नसतं. तिनं मान वर केली नाही.

"बरं," तो म्हणाला. "उपकार झाले तुमचे."

तुमचे! तो पुलाच्या टोकापर्यंत चालत गेला. एकदा थांबल्यासारखा वाटला. पण थांबला तो दुचाकी मध्ये आली म्हणून.

त्यानं यंत्र पुण्याच्या एका संग्राहकाला विकलं. हे तिला दुसऱ्याकडून कळलं. फोन बंद झाले. ऊन पडलंय का, हे विचारणारं कुणी उरलं नाही, आणि ती मात्र दिवसातून दहादा आभाळाकडं बघायला लागली.

मग दसऱ्याच्या तोंडावर ती बातमी आली. कंपनीनं नवं यंत्र जाहीर केलं. तेच नाव, तेच रूप, आकारानं निम्मं आणि किमतीनं पाचवा हिस्सा. जुन्याचा भाव त्याच दिवशी कोसळला. सुंदरीचा फोन वाजत राहिला. "मॅडम, तुमी देवमाणूस!" "कसं ओळखलंत ओ?" ती प्रत्येक वेळी नाव न बघता घाईनं उचलायची, आणि प्रत्येक वेळी दुसराच आवाज असायचा.

संध्याकाळपर्यंत तिनं सहन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, झाडलं, दिवा लावला, आणि अण्णांना म्हणाली, "मी साताऱ्याला चाललेय."

"कुठलं मशीन?"

"मशीन नाही," ती म्हणाली. आणि गेली.

तो शिकवायचा तो क्लास पोवई नाक्याजवळ एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. तिथं त्याचा शेवटचा आठवडा होता. बाहेर परतीचा पाऊस अंगात आल्यासारखा कोसळत होता. ती जिना चढून वर आली तेव्हा कोपरापासून पाणी ठिबकत होतं. वर्ग नुकताच सुटला होता. वीरधवल एकटाच वायरी गुंडाळत होता. तिला बघून वायर हातातून सुटली.

"बातमी वाचली?" तिनं दारातूनच विचारलं.

"वाचली."

"मग फोन का नाही केलास?"

"चार येळा लावाय घेतला." तो खाली बघत म्हणाला. "काय तोंडानं बोलणार? मी तिकडं पुलावर तुला... मला वाटलं तुला मी नको हाय. आन काल बातमी वाचली, तवा डोस्क्यात परकाश पडला. तू नुस्तं 'चढंल' म्हणली असतीस तर मी ऱ्हायलो असतो. तुला ठावं हुतं."

"ठाऊक होतं."

"मग?"

"मग काय?" तिचा आवाज एकदम चढला. इतक्या दिवसांची सगळी येरझार त्यात आली. "खोटं सांगून ठेवून घेऊ तुला? आणि नंतर तू रोज समोर बसणार, आणि मला रोज वाटणार की हा माणूस मी फसवून आणलाय? मला नाही जमत ते! मशीनचा भाव खरा सांगितला मी. पण दुसरं जे खरं होतं, ते सांगायचं राहिलं... ते सांगायला आलेय."

"सांग की."

"सांगते." ती थांबली. पाऊस ऐकला. ओढणी पिळली. "तू जा. जहाजावर जा, आठ महिने जा, नऊ महिने जा. पण मला 'तुमी' म्हणून नको जाऊस. मला... तुझ्याशिवाय कुठं बसवत नाही. उभं राहवत नाही. मला तू आवडतोस, वीरधवल. झालं. सांगितलं."

तो दोन पावलं पुढं आला. भिजलेली बट तिच्या कपाळावरून बोटानं बाजूला केली.

"मी तर मलकापुरातच..." तो म्हणाला. नाकातून फुर्र आवाज आला, आणि तीही हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

मग तिनं डोळे पुसले, पर्समधून फोन काढला.

"कुणाला लावतीस?"

"अण्णांना."

"आत्ता? आगं येडी का खुळी! थांब जरा—"

"मला थांबता येत नाही," ती म्हणाली. तोवर तिकडून फोन उचललाही होता. "अण्णा, तुम्ही विचारलं नव्हतं ना कोण जाईल ते? तो वीरधवल. मला त्याच्याशी लग्न करायचंय. नाही, आपल्यातला नाही. रहिमतपूरचे माने. फौजेतलं घर आहे... कीबोर्ड वाजवतो. हो. हो, मला माहीत आहे आई काय म्हणेल." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग फोन त्याच्यापुढं धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतायत."

वीरधवल सुभेदाराच्या पोराला शोभेल असा ताठ उभा राहिला. "नमस्कार अण्णा. व्हय. व्हय जी. न्हाई, दारू न्हाई. व्हय... येतो जी." फोन परत देताना त्याच्या कपाळावर घाम होता.

"काय म्हणाले?"

"म्हणले, 'मला आत्ता काय सुचंना झालंय. पण समुद्रावर जायच्या आधी जमिनीवर येऊन तोंड दाखवून जा.'"

"कधी?"

"कवा ते न्हाई म्हणले."

"मग चल," सुंदरी म्हणाली. "सांगलीची गाडी आहे आत्ता."

त्याच्या एका छत्रीत, अर्धे अर्धे भिजत, ती दोघं स्टँडवर पळाली. गाडी हलायला लागली होती. कंडक्टरनं ओरडत दार उघडलं. मागच्या बाकावर जागा मिळाली. काचेवरून पाणी वाहत होतं, आणि बाहेर अजिंक्यताऱ्याचा डोंगर ढगात बुडाला होता.

"न्हाई म्हणले तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर उद्या परत विचारायचं."

"आन परवा?"

"परवा आईला."

त्यानं तिचा हात हातात घेतला. गार, ओला हात. कंडक्टर तिकिटाचं मशीन सावरत त्यांच्यापर्यंत आला.

"कुठलं?"

"सांगली, दोन!" दोघं एकदमच म्हणाली.

कंडक्टरनं चष्म्यावरून एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं.

"मंजी चार व्हय?"